फॅटी ॲसिड आणि लठ्ठपणातला दाह

लठ्ठपणात चरबीच्या ऊतींमध्ये मंद पण वर्षानुवर्षं चालणारा दाह असतो, म्हणजे क्रॉनिक इन्फ्लमेशन. सूज, ताप असं बाहेरून काही दिसत नाही, रक्तात सीआरपी, आयएल-६ ही दाह दाखवणारी प्रथिनं तेवढी थोडी चढलेली मिळतात. आहारातल्या फॅटी ॲसिडनुसार (तेल-तुपातली चरबी ज्या घटकांची बनते ते) हा दाह कमीजास्त होतो असं बहुतेक अभ्यासक धरतात.

सुरुवात साधारण १९९३ पासून मानतात, तेव्हा हॉटामिसलिगिल, शारगिल आणि स्पीगलमन यांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारं प्रथिन तयार होतं हे दाखवलं. २००३ मध्ये दोन वेगळ्या गटांना अशा चरबीत मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींची गर्दी आढळली.

खरा वाद आहे सॅच्युरेटेड (कार्बन साखळीत दुहेरी बंध नसलेल्या) फॅटी ॲसिडबद्दल, मुख्यतः पामिटिक ॲसिडबद्दल. जिवाणूंच्या आवरणातल्या एलपीएस या विषाला पेशीवरचा टीएलआर-४ हा रिसेप्टर (संदेश टिपणारं प्रथिन) ओळखतो, आणि एलपीएसच्या ज्या भागामुळे दाह होतो त्यात सॅच्युरेटेड साखळ्याच असतात, मग खाण्यातलं तसं फॅटी ॲसिडही तोच रिसेप्टर चालू करत असणार असा तर्क होता आणि २००१ मध्ये लॉरिक या सॅच्युरेटेड ॲसिडवरच्या प्रयोगांनी त्याला बळ दिलं. २००६ मध्ये टीएलआर-४ नसलेल्या उंदरांमध्ये शिरेतून रक्तात फॅट दिल्यावरही इन्सुलिन रेझिस्टन्स (पेशींनी इन्सुलिनला नीट दाद न देणं) कमी झाला, तेव्हा प्रश्न मिटला असं अनेकांना वाटलं. पण २००९ मध्ये एरिज आणि समानी यांनी दाखवलं की फॅटी ॲसिड विरघळवायला वापरलेल्या अल्ब्युमिन या प्रथिनामध्येच जिवाणूंचा अंश असू शकतो, आणि शुद्ध अल्ब्युमिन घेतलं तर परिणाम दिसत नाही. २०१८ च्या लँकास्टर आणि सहकाऱ्यांच्या कामानुसार पामिटेट (पामिटिक ॲसिडचंच रूप) टीएलआर-४ ला चिकटतच नाही, मात्र त्या रिसेप्टरकडून आधी मिळालेल्या संदेशामुळे मॅक्रोफेज तयारीत असेल तरच पामिटेटचा दाहक परिणाम होतो. जुने आणि नवे दोन्ही निष्कर्ष यात बसतात, म्हणून हे मत जास्त पटण्यासारखं आहे. पेशीच्या आत सेरामाइड हे स्निग्ध रेणू वाढणं आणि एनएलआरपी-३ इन्फ्लमासोम हा दाह पेटवणारा प्रथिनांचा संच सुरू होणं हे मार्गही आहेतच. ओलिक हे अनसॅच्युरेटेड ॲसिड सोबत असलं की पामिटेट ट्रायग्लिसराइड (चरबी साठवण्याचं नेहमीचं रूप) म्हणून साठवलं जातं आणि पेशीवरचा ताण उतरतो.

माशांत वगैरे मिळणाऱ्या ओमेगा-३ फॅटी ॲसिडचं काम उलटं, त्यापासून रिझॉल्व्हिन नावाचे रेणू बनतात आणि ते दाह आवरायला मदत करतात. २०१० मध्ये जीपीआर-१२० हा त्याचा रिसेप्टर सांगितला गेला, पण नंतर तो नसलेल्या उंदरांमध्येही ओमेगा-३ चे काही परिणाम टिकलेले दिसले. माणसांवरच्या चाचण्यांत मात्र एकमत नाही.

ओमेगा-६ ची भीती मात्र वाढवून सांगितली जाते. लिनोलिक या ओमेगा-६ ॲसिडपासून ॲराकिडोनिक ॲसिड आणि त्यातून प्रोस्टाग्लँडिन हे दाहात भाग घेणारे रेणू बनतात हे कागदावर बरोबर आहे, पण आहारात लिनोलिक वाढवलं तरी ॲराकिडोनिकची पातळी फारशी हलत नाही, आणि निरोगी माणसांवरच्या चाचण्यांच्या २०१२ च्या आढाव्यात दाहाच्या खुणाही वाढलेल्या आढळल्या नाहीत. लठ्ठ माणसात वजन उतरलं की सीआरपी तसाही खाली येतो, त्यामुळे वजन बदललेल्या चाचणीत फॅटचा वाटा वेगळा काढणं अवघड असतं.

ट्रान्स फॅट जास्त खाणाऱ्यांत दाहाच्या खुणा जास्त असल्याचं निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसतं.