मधली शिवण बघून शाल परत ठेवू नका

पेरूहून आलेल्या बहुतेकांकडे एक रंगीत शाल असते आणि ती ‘हातमागावरची’ आहे, असं ठामपणे सांगितलं जातं. अनेकदा ती यंत्रमागावरची अ‍ॅक्रिलिकची असते.

किरकोळ गोंधळ आधी संपवते. लामा उंच आणि ओझं वाहणारा, अल्पाका बुटका आणि लोकरीसाठी पाळलेला. ‘बेबी अल्पाका’ म्हणजे पिल्लाची लोकर नव्हे. साधारण 22 मायक्रॉन जाडीच्या तलम लोकरीला तसं म्हणतात, मग जनावर कितीही वयाचं असो. आणि भडक लाल रंग दिसला की तो रासायनिकच, असंही नाही. निवडुंगावरच्या कोचिनील किड्यापासून तितकाच झळझळीत लाल मिळतो.

खरी गफलत ‘हातमाग’ या शब्दात आहे. पेरूतल्या कुस्को शहराच्या आसपास दोन माग चालतात, दोन्ही हातमागच. एक स्पॅनिशांनी आणलेला, पायाने चालवायचा. त्यावर लांब तागा विणतात आणि मग कापतात. दुसरा कमरेचा. त्याचं एक टोक खुंटाला, दुसरं विणणारीच्या कमरेला. ताण तिच्या पाठीचा.

पैठणी ओळखणारी माणसं इथे हमखास चुकतात. पैठणीचा मोर बाण्यात असतो, म्हणून तीही सवयीने आडव्या धाग्यात नक्षी शोधतात. आँदीजच्या या कमरेच्या मागावरच्या कापडात बाणा जवळजवळ दिसतच नाही. नक्षी ताण्याची. दोन रंगांचे उभे धागे जोडीने लावतात आणि दर ओळीला हवे ते बोटांनी उचलतात. केचुआ भाषेत या उचलण्याला ‘पल्याय’ म्हणतात, नक्षीलाही तेच नाव. म्हणून कापड उलटवलं की तीच नक्षी दिसते, फक्त रंग अदलाबदल झालेले.

कुस्कोजवळच्या चिंचेरो गावात, 3,700 मीटरहून जास्त उंचीवर, एका बाईंनी माझ्या मुलीला धागे उचलायला बसवलं. चौथ्या ओळीला ती एक जोडी चुकली. बाईंनी काही न बोलता लामाच्या हाडाच्या टोकाने ओळ सोडवली आणि धागे पुन्हा तिच्या हातात दिले.

हे कापड कात्रीने कापलेलं नसतं. ताण्याचा धागा दोन दांड्यांवरून सलग फिरवलेला असतो, त्यामुळे चारही कडांना धागा वळून परत आत जाताना दिसतो. कड दुमडून शिवलेली असेल तर संशय घ्या. मधल्या शिवणीचा मात्र घेऊ नका. खांद्यावर घ्यायच्या शालीचे, म्हणजे यिक्याचे, दोन पट्टे असतात. कमरेच्या मागावर कापडाची रुंदी बेताचीच निघते, म्हणून ते मधोमध जोडतात. ‘जोड आहे’ म्हणत लोक नेमकी तीच शाल परत ठेवतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

एका टोकाजवळ नक्षी थोडी विस्कटलेली दिसली तर तोही दोष नाही. विणकाम संपत येतं तेव्हा धागे उचलायला जागाच उरत नाही आणि शेवटचा बाणा सुईने ओढून घ्यावा लागतो.