गेम सुरू होत नाही? आधी ड्राइव्ह बघा

आम्ही लिनक्स बसवून दिलेल्या मशीनबद्दल आम्हाला पुन्हा पुन्हा विचारलं जातं ते हेच : स्टीम या गेमच्या अ‍ॅपमध्ये ‘प्ले’ दाबलं, हिरवं बटण निळं झालं, पाच-दहा सेकंदांनी परत हिरवं झालं, गेम काही उघडला नाही. एररसुद्धा नाही. मग लोक ड्रायव्हर बदलतात, प्रोटॉनच्या (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या स्टीमच्या सोयीच्या) चार आवृत्त्या पालटून बघतात, काही जण तर अख्खं लिनक्स नव्याने टाकतात. आम्ही आधी विचारतो ते वेगळंच : गेम कोणत्या ड्राइव्हवर आहे?

बहुतेकदा उत्तर येतं, ‘जुन्या डी ड्राइव्हवरच. विंडोजमध्ये उतरवलेला होता, पुन्हा कशाला उतरवू?’ शंभर जीबी पुन्हा उतरवायचा कंटाळा कुणालाही येईल. पण तो ड्राइव्ह एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे आणि घोळ तिथेच होतो.

प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी ‘कम्पॅटडेटा’ नावाच्या फोल्डरात एक खोटा सी ड्राइव्ह उभा करतो. त्यात नावात विसर्गचिन्हासारखे दोन टिंब असलेल्या लिंक असतात. विंडोजला फाइलच्या नावात हे चिन्ह चालत नाही. त्यामुळे लिनक्सने एनटीएफएस ड्राइव्ह विंडोजचे नियम पाळून जोडला असेल, तर ती लिंक बनतच नाही आणि गेम मुकाट्याने बंद होतो. बनलीच, तर पुढे कधीतरी विंडोजची डिस्क तपासणी तिला बिघाड समजून ‘दुरुस्त’ करते. लिनक्सचे नेटिव्ह, म्हणजे थेट लिनक्ससाठीच बनवलेले, गेमही यातून सुटत नाहीत. त्यांच्या मुख्य फाइलला ‘चालवण्याची परवानगी’ लागते आणि ड्राइव्ह जोडताना एखादा पर्याय चुकला, की ती सगळ्या ड्राइव्हवरच नाकारली जाते.

तिसरी गोष्ट विंडोजमधल्या फास्ट स्टार्टअपची. तो चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतो. मग लिनक्सला तो ड्राइव्ह फक्त वाचता येतो किंवा जोडताच येत नाही. स्टीम अपडेट लिहायला जातो आणि ‘डिस्क राइट एरर’ दाखवतो. ड्राइव्ह खराब झाला समजून लोक नवा घ्यायला येतात. आम्ही विकला असता, पण गरज नसते.

‘काही गेम तर चालतात की!’ हो, चालतात, आणि म्हणूनच फसायला होतं. कम्पॅटडेटा लिनक्सच्या ड्राइव्हवर नेऊन लिंक द्यायची युक्तीही आहे आणि ती चालते. तरी आम्ही ती करून देत नाही, कारण फास्ट स्टार्टअपचं दुखणं तसंच राहतं आणि दोन महिन्यांनी मशीन परत आमच्या टेबलावर येतं.

योग्य रस्ता असा. गेमसाठी वेगळा एसएसडी किंवा निदान वेगळं पार्टिशन घ्या आणि ते ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीत फॉरमॅट करा. फॉरमॅट केल्यावर त्याची मालकी रूटकडे (लिनक्सच्या मुख्य प्रशासक खात्याकडे) असू शकते, तशी असेल तर ती आपल्या खात्याकडे घ्या. नाहीतर स्टीम तिथे लिहूच शकत नाही. मग लिनक्समधल्या ‘डिस्क्स’ या अ‍ॅपमध्ये माउंटच्या (ड्राइव्ह जोडण्याच्या) पर्यायात ‘सिस्टीम सुरू होताना माउंट करा’ यावर खूण करा. ही खूण विसरलात, तर फाइल मॅनेजरमध्ये क्लिक करेपर्यंत ड्राइव्ह जोडला जात नाही, स्टीमला लायब्ररी रिकामी दिसते आणि सगळे गेम ‘इन्स्टॉल करा’ म्हणू लागतात. तेव्हा ते बटण दाबू नका. स्टीम बंद करा, ड्राइव्ह जोडा, स्टीम पुन्हा उघडा.

आता स्टीमच्या सेटिंग्जमधल्या ‘स्टोरेज’मध्ये नवा ड्राइव्ह जोडा. जुन्या लायब्ररीतल्या ‘स्टीमअ‍ॅप्स’च्या आत ‘कॉमन’ आहे, त्यातलं हव्या त्या गेमचं फोल्डर नव्या ‘कॉमन’मध्ये कॉपी करा. नाव अक्षरशः तेच ठेवा; ईएक्सटी४ ला इंग्रजीतलं मोठं आणि छोटं अक्षर वेगवेगळं वाटतं. मग ‘इन्स्टॉल’ दाबून नवा ड्राइव्ह निवडा. स्टीम असलेल्या फाइल ओळखतो आणि कमी पडणाऱ्या तेवढ्याच उतरवतो. नेटिव्ह गेम असेल तर लिनक्सच्या फाइल नव्याने येतील, ते साहजिकच आहे.

नेटिव्ह म्हणजे चांगलाच, असं धरून चालू नका. काउंटर-स्ट्राइक २, डोटा २, फॅक्टोरिओ यांना निश्चिंतपणे नेटिव्ह खेळा. पण काही गेमची लिनक्स आवृत्ती कंपनीने केव्हाच वाऱ्यावर सोडलेली असते; तिथे प्रॉपर्टीजमधल्या ‘कम्पॅटिबिलिटी’त जाऊन प्रोटॉन निवडलेला बरा. मात्र सेव्ह वेगळ्या जागी जातात : नेटिव्हचे तुमच्या होम फोल्डरात, प्रोटॉनचे कम्पॅटडेटात. क्लाउड सेव्ह नसेल तर गेम पहिल्यापासून सुरू झालेला दिसेल. जुने सेव्ह गेलेले नसतात, पण जागा करायला म्हणून कम्पॅटडेटा हाताने पुसलात तर प्रोटॉनचे खरोखरच जातील.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ड्रायव्हर डिस्ट्रोच्याच (तुम्ही बसवलेल्या लिनक्सच्याच) भांडारातून घ्या, वेबसाइटवरून उतरवून नको. नाहीतर कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) पुढच्या अपडेटला काळा स्क्रीन येऊ शकतो. एएमडीवाल्यांना ही कटकट नाही.

लिनक्स टाकण्याआधी आम्ही तुमच्या गेमची यादी मागतो. ती चौकशी कुणाकुणाला आगाऊ वाटते, पण व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट अँटी-चीटमुळे (खेळातली फसवणूक रोखणाऱ्या यंत्रणेमुळे) लिनक्सवर चालत नाहीत, आणि एपेक्स लेजंड्स चालत होता तो २०२४ मध्ये लिनक्सवर बंद झाला. यावर ड्राइव्ह बदलूनही उपाय नाही. यादीत यांपैकी काही असेल तर विंडोज शेजारी ठेवून देतो.

एसएसडी बसवणं, ईएक्सटी४ करणं, लायब्ररी हलवणं हे सगळं आमच्याकडे एकत्र होतं. तुम्ही नवा ड्राइव्ह दोन-चार दिवस वापरून ‘ठीक आहे’ म्हणेपर्यंत जुन्याला आम्ही हात लावत नाही. मशीन आणण्याआधी विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करा. बिटलॉकर (ड्राइव्ह कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की सोबत आणा. तिच्याशिवाय जुन्या ड्राइव्हवरचं काहीच आम्हाला वाचता येत नाही.