टेक्स्टबॉक्सचा राइट-क्लिक मेन्यू

डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये मजकूर भरायच्या चौकटीवर माउसचे उजवे बटण दाबले की उघडणारी यादी. विंडोजमध्ये ती आयतीच मिळते: अनडू, कट, कॉपी, पेस्ट, डिलीट, सिलेक्ट ऑल. बटण दाबल्यावर नव्हे, सोडल्यावर विंडोज चौकटीला डब्ल्यूएम_कॉन्टेक्स्टमेन्यू हा संदेश धाडते. शिफ्ट-एफ१० दाबले तरी हाच संदेश येतो. फक्त माउसच्या जागेचे दोन्ही आकडे तेव्हा उणे १ असतात. ज्या प्रोग्रॅमरने नुसता माउसचा इव्हेंट (बटण दाबल्या-सोडल्याची सूचना) पकडला, त्याच्या हातून ही कीबोर्डची वाट सुटते.

खरी गोम पेस्टमध्ये आहे. सोलापुरातल्या एखाद्या चादर-टॉवेलच्या पेढीचे बिलिंग घ्या. विजयपूरची पार्टी व्हॉट्सॲपवर जीएसटी नंबर पाठवते: १५ अक्षरी, सुरुवात कर्नाटकच्या २९ ने. कॉपी करताना आधीची एक स्पेसही उचलली जाते. चौकटीची मॅक्सलेंग्थ, म्हणजे अक्षरांची कमाल मर्यादा, १५. पहिली जागा स्पेसने अडवली, त्यामुळे शेवटचे, नेमके पडताळणीचे अक्षर गळते. बिल छापून गठ्ठ्यावर चिकटेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. कीप्रेसमध्ये, म्हणजे कळ दाबल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये, स्पेस अडवलेली असते हो, पण मेन्यूतून केलेले पेस्ट कीप्रेसच्या दारातून येतच नाही.

यावर मेन्यूच काढून टाकायचा मोह होतो. विंडोज फॉर्म्समध्ये (मायक्रोसॉफ्टचे खिडक्या-चौकटी बनवायचे साधन) चौकटीला रिकामा कॉन्टेक्स्टमेन्यूस्ट्रिप, म्हणजे स्वतःचा मेन्यू, जोडला की यादी गायब होते, पण कंट्रोल-व्ही चालूच राहते. चौकटीचे शॉर्टकट्सएनेबल्ड हे सेटिंग फॉल्स केले तर दोन्ही बंद, आणि पंधरा अक्षरे हाताने टाइप करणारा मुनीम शिव्या घालतो. त्यापेक्षा टेक्स्टबॉक्सचा वारस क्लास (त्यावर बेतलेली स्वतःची चौकट) करून डब्ल्यूएम_पेस्ट संदेश अडवावा आणि क्लिपबोर्डवरचा मजकूर ट्रिम करून, म्हणजे कडेच्या स्पेस छाटून, मगच चौकटीत सोडावा. मेन्यू आणि कंट्रोल-व्ही, दोन्हींचा बंदोबस्त एकाच जागी होतो.

व्हिज्युअल बेसिक ६ या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या भाषेत पॉपअपमेन्यू या आज्ञेने स्वतःची यादी दाखवली तरी विंडोजची यादी मध्ये डोकावायची. तेव्हा चौकट क्षणभर एनेबल्ड फॉल्स (बंद) करून पुन्हा ट्रू करण्याची युक्ती सर्रास चाले. डब्ल्यूपीएफ या मायक्रोसॉफ्टच्याच दुसऱ्या साधनात कॉन्टेक्स्टमेन्यूओपनिंग इव्हेंटमध्ये हँडल्ड ट्रू केले (म्हणजे काम उरकले असे कळवले) की पुरते. जावा भाषेतल्या स्विंग या साधनाची तऱ्हा उलटी: तिथे चौकटीला आयता मेन्यूच नसतो. शिवाय मेन्यू उघडण्याची खूण विंडोजवर बटण सोडताना मिळते, लिनक्सवर दाबताना. म्हणून ही खूण सांगणारे इजपॉपअपट्रिगर माउसप्रेस्ड आणि माउसरिलीज्ड या दोन्ही ठिकाणी तपासावे लागते.