निगेटिव्ह रिपोर्टपासून दहाव्या दिवसापर्यंत

पुण्यातले कोरोनाचे पहिले दोन रुग्ण ९ मार्च २०२० रोजी सापडले आणि गुढीपाडव्याला, २५ मार्चला, घरी गेले. त्यासाठी चोवीस तासांच्या अंतराने घेतलेले दोन स्वॅब निगेटिव्ह यावे लागले. तेव्हा नियमच तो होता. ‘निगेटिव्ह म्हणजे बरा’ हे लोकांच्या मनात घट्ट बसलं ते तिथूनच. १९१८च्या फ्लूच्या साथीत विषाणू तपासण्याची सोयच नव्हती. ताप उतरला, माणूस जेवू लागला की तो बरा.

एप्रिलमध्ये या नियमाची अडचण कळू लागली. ताप जाऊन पंधरा दिवस झालेले, चव परतलेली, तरी स्वॅब पॉझिटिव्ह. एक निगेटिव्ह आला आणि दुसरा पॉझिटिव्ह, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. माणूस खाटेवर बसून, घरच्यांशी फक्त फोनवर बोलणं. स्वॅबवर होणारी आरटी-पीसीआर तपासणी विषाणूच्या आरएनएचे, म्हणजे त्याच्या जनुकीय द्रव्याचे, तुकडे शोधते; तो विषाणू जिवंत आहे की मेलेला, हे ती सांगू शकत नाही. म्युनिकमध्ये दाखल केलेल्या नऊ रुग्णांच्या अभ्यासात आठव्या दिवसानंतर जिवंत विषाणू वाढवता आला नाही, आरएनए मात्र पुढेही सापडत राहिलं. दक्षिण कोरियात बरे होऊन पुन्हा पॉझिटिव्ह आलेल्या २८५ जणांचा माग काढला, त्यांच्याकडून नवा संसर्ग पसरल्याचं दिसलं नाही.

भारतात ८ मे रोजी नियम बदलला. सौम्य रुग्णाला लक्षणं सुरू झाल्यापासून दहा दिवसांनी, सलग तीन दिवस ताप नसेल तर, तपासणीविना घरी सोडायचं आणि पुढे सात दिवस त्याने घरीच वेगळं राहायचं. गंभीर रुग्णांना निगेटिव्ह रिपोर्टची अट कायम राहिली. जागतिक पातळीवरची शिफारस २७ मे रोजी, म्हणजे आपल्यानंतर, बदलली. तरीही ‘खाटा रिकाम्या करायला लोकांना हाकलतात’ असंच बोललं गेलं. माझ्या मते निर्णय बरोबर होता, पण तो नीट समजावून सांगितला नाही आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली. हातात डिस्चार्जचा कागद घेऊन आलेल्या माणसाला सोसायटीच्या गेटवर विचारलं जाई, “रिपोर्ट कुठाय?” तो रिपोर्ट काढलेलाच नसायचा.

शब्दांनीही घोळ वाढवला. विलगीकरण रुग्णाचं, अलगीकरण त्याच्या संपर्कात आलेल्यांचं. चौदा दिवस हे संपर्कातल्यांसाठी होते, कारण लक्षणं दिसायला तेवढा वेळ लागू शकतो. गावोगावी मात्र दोघांनाही तोच हिशेब लावला गेला.

मोजणी कुठल्या दिवसापासून, हा प्रश्न तर जिवाशी होता. विषाणूचं प्रमाण पहिल्या आठवड्यातच सर्वाधिक असतं, पण धाप साधारण दुसऱ्या आठवड्यात लागते, कारण तोवर शरीराचीच प्रतिक्रिया फुप्फुसांना सुजवू लागलेली असते. म्हणजे इतरांचा धोका ओसरू लागतो, नेमकं तेव्हा रुग्णाला जपायचं असतं. लक्षणांऐवजी स्वॅबच्या तारखेपासून मोजणाऱ्याला हे दिवस अजून पुढे आहेत असं वाटे, प्रत्यक्षात तो त्यांच्या मधोमध असे. पुढे घरोघरी बोटाला ऑक्सिमीटर लावून सहा मिनिटं चालायची चाचणी आली, ती यासाठीच. चालल्यावर आकडा ९४च्या खाली घसरला, की दवाखाना गाठायचा.

जानेवारी २०२२मध्ये गृहविलगीकरण सात दिवसांवर आलं, पुन्हा तपासणी नकोच. तरी कामावर परतणाऱ्याला काही ठिकाणी निगेटिव्ह रिपोर्ट मागितला जातच होता.