फेमाचा अनिवासी आणि आयकराचा अनिवासी

१७ ऑगस्ट २०२३ ला आम्ही तिघं मुंबईहून दुबईला निघालो. नवरा तिथे पॅकेजिंगच्या मालाचा व्यापार सुरू करणार होता. मी आणि आमची चार वर्षांची मुलगी त्याच्यावर अवलंबून म्हणून सोबत. नातेवाइकांच्या लेखी आम्ही त्याच दिवशी ‘एनआरआय’ झालो, आणि आमच्याही लेखी. पुढच्या जुलैत रिटर्न भरताना कळलं, की त्या वर्षापुरता आयकराच्या दृष्टीने नवरा अनिवासी होता आणि मी निवासी. एकाच विमानात शेजारी शेजारी बसून गेलेलो आम्ही!

धंदा घेऊन, लहान मुलांसह बाहेर पडणाऱ्या बहुतेकांची गल्लत इथेच होते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. ‘अनिवासी’ हा शब्द दोन कायद्यांत येतो आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ वेगळा आहे. परकीय चलनाचा १९९९ चा कायदा, म्हणजे फेमा, मुख्यतः विचारतो की तुम्ही कशासाठी गेलात. आयकर विचारतो की तुम्ही वर्षात किती दिवस भारतात होतात. एकाचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही.

फेमातही १८२ दिवसांचा आकडा आहे, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. मागच्या आर्थिक वर्षात १८२ पेक्षा जास्त दिवस भारतात राहिलेली व्यक्ती निवासी, असं व्याख्येचं पहिलं वाक्य म्हणतं. पण पुढे लगेच अपवाद आहेत: जो नोकरीसाठी, धंदा-व्यवसायासाठी किंवा अनिश्चित काळ राहायच्या इराद्याने देशाबाहेर गेला, तो निवासी नाही. म्हणजे दुबईत धंदा करायला निघालेला माणूस निघाला त्या दिवसापासून फेमाच्या दृष्टीने भारताबाहेरचा. सोबत गेलेली मी आणि मुलगीही, कारण आमचा मुक्काम अनिश्चित काळाचा होता. आमच्या बँकेत मात्र आम्हाला सांगितलं गेलं, “१८२ दिवस होऊ द्या, मग खातं बदलू.” आम्ही थांबलो. थांबायला नको होतं.

कारण साधं बचत खातं अनिवासी व्यक्तीच्या नावावर तसंच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ, म्हणजे अनिवासीचं साधं रुपया खातं, करून घ्यावं लागतं, आणि भारतातलं भाडं, लाभांश, जुनी येणी त्यात जमा होतात. बाहेरची कमाई पाठवायला एनआरई खातं वेगळं. त्यातले पैसे पुन्हा बाहेर नेता येतात. एनआरओमधली साठलेली शिल्लक कर भरून झाल्यावर वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत नेता येते. निवासी माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवण्याची जी सवलत आहे, ती निघाल्या दिवसापासून तुमची राहत नाही. पीपीएफचं जुनं खातं मुदतीपर्यंत चालतं, नवं उघडता येत नाही. आणि गावाकडे जमीन घ्यायची इच्छा असेल तर निघण्याआधीच विचार करून ठेवा. अनिवासी भारतीयाला फ्लॅट घेता येतो, पण शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशाने सातबाऱ्यावर नाव लागायला मात्र हरकत नाही. माझ्या सासऱ्यांना हे कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

आता आयकर. इथे इरादा मागे पडतो आणि पासपोर्टवरचे शिक्के पुढे येतात. वर्षात १८२ किंवा जास्त दिवस भारतात असाल तर निवासी. त्याहून कमी असाल तरी सुटका नाही: वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भरले तरी निवासीच. भारतात जन्म गेलेल्या माणसाचे ते ३६५ भरलेलेच असतात. म्हणून नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्या भारतीय नागरिकाला निघण्याच्या वर्षी ६० च्या जागी १८२ ची सूट दिली आहे. ‘नोकरी’त स्वतःचा धंदाही येतो, असं केरळ उच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केलं, आणि त्या आधाराने उद्योजकही ही सूट घेतात. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतली, तरी दिवसांचं हे गणित तेच आहे.

१ एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबरला १८१ दिवस होतात. त्या दिवसापर्यंत धंद्यासाठी निघालेला माणूस, पुढे वर्षभरात भारतात परत आला नाही, तर त्या वर्षी अनिवासी. आम्ही १३९ व्या दिवशी निघालो, त्यामुळे नवऱ्याचं गणित जमलं. माझं जमलं नाही, कारण मी नोकरीसाठीही गेले नव्हते आणि धंद्यासाठीही. निदान कागदावर तरी नाही. माझ्या वाट्याला ६० दिवसांचाच नियम आला आणि मी त्या वर्षी पूर्ण निवासी ठरले. पूर्ण निवासीचं जगभरातलं उत्पन्न भारतात करपात्र असतं, आणि परदेशातली प्रत्येक मालमत्ता रिटर्नमधल्या वेगळ्या तक्त्यात दाखवावी लागते. ऑक्टोबरमध्ये दुबईत आम्ही जोडखातं उघडलं होतं. नवऱ्याला ते भारतात दाखवायचं नव्हतं, मला दाखवायचं होतं. न दाखवल्यास काळ्या पैशाविरुद्धच्या २०१५ च्या कायद्याखाली १० लाख रुपयांच्या दंडापर्यंत गोष्ट जाते. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला हा दंड लागत नाही, पण दाखवण्याचं बंधन तसंच आहे.

मला हे लागलं ते पैशांमुळे नाही. पुण्यातल्या धंद्याचे हिशेब सहा वर्षं मीच बघत होते आणि दुबईतही पहिल्या बिलापासून मीच बघते आहे. तरी सगळ्या कागदांवर मी ‘अवलंबून’ होते, आणि आयकर कागदच वाचतो. ज्या घरात बायको खरोखर धंद्यात आहे, तिथे तिचं भागीदार किंवा नोकरदार म्हणून स्थान निघण्याआधी कागदावर आणा. मागाहून आणलेल्या कागदाने निघण्याचं वर्ष बदलत नाही.

पुढच्या वर्षांत प्रश्न येतो सुट्टीचा. दुबईतल्या शाळा जुलै-ऑगस्टमध्ये बंद असतात, आजी-आजोबा वाट बघत असतात, आणि बायका-मुलं दोन महिने भारतात राहून येतात. भेटीला आलेल्या नागरिकाला १८२ पेक्षा कमी दिवसांची मुभा आहे. मात्र ज्याचं परदेशातली कमाई सोडून उत्पन्न १५ लाखांपेक्षा जास्त आहे, त्याची मर्यादा २०२० च्या बदलापासून १२० दिवस झाली. पुण्यातलं दुकान चालूच ठेवून जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. त्याच वर्षी आणखी एक नियम आला: असं १५ लाखांवर उत्पन्न असलेला नागरिक इतर कोणत्याही देशात कर देण्यास पात्र नसेल, तर तो एकही दिवस भारतात न राहता निवासी मानला जातो. आखाती देशांत व्यक्तीच्या पगारावर कर नाही, म्हणून हा नियम तिथल्यांच्या मुळावर येतो. दिलासा एवढाच, की अशा निवासीच्या बाहेरच्या कमाईवर भारत सहसा कर लावत नाही. पण बाहेरच्या धंद्याची सूत्रं भारतातून हलत असतील, तर त्या धंद्याची कमाई करात येते.

भारतात प्रायव्हेट लिमिटेड कंपनी मागे ठेवत असाल तर तिसरी मोजणीही आहे. कंपनीचा किमान एक संचालक आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला हवा. नवरा-बायको दोघंच संचालक असतील आणि दोघंही निघाले, तर तिसरा माणूस आधी नेमावा लागतो. आम्ही दिराला नेमलं.

परतताना हेच सगळं उलट दिशेने येतं. कायमचं राहायला परतलेला माणूस फेमाच्या दृष्टीने उतरल्या दिवशीच निवासी होतो, पण आयकरात त्याला बहुधा दोन-तीन वर्षं ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नाही’ अशी मधली अवस्था मिळते आणि बाहेरच्या उत्पन्नावर कर लागत नाही. त्या भरवशावर अनेक जण एनआरई खातं तसंच ठेवतात. त्या खात्याच्या व्याजाची करमाफी आयकर कायद्यातच आहे, पण ती ज्याला मिळते तो फेमाच्या व्याख्येतला अनिवासी. त्यामुळे आयकरात मधली अवस्था चालू असली, तरी परतल्या दिवसापासूनच्या त्या व्याजावर कर भरावाच लागतो.