१३,३३३ गुण नेमके कशाचे?

गेल्या गणेशोत्सवात भुसावळच्या आमच्या कॉलनीच्या मंडळाने 'जस्ट डान्स' या नाचाच्या व्हिडिओ गेमची स्पर्धा ठेवली. मंडप एक, टीव्ही दोन. एका टीव्हीला छोट्या कंट्रोलरचा कन्सोल, म्हणजे गेम चालवणारं यंत्र, जोडलेला, तर दुसऱ्या कन्सोलवर मोबाइल हातात धरून नाचायचं. गाणं तेच, पडद्यावरचा नाचणाराही तोच, गाण्याचे कमाल गुणही दोन्हीकडे तेच, १३,३३३. कॉलेजच्या गॅदरिंगला दरवर्षी बक्षीस घेणारी समोरच्या घरातली ताई मोबाइलच्या बाजूला सात हजारांवर अडकली. कंट्रोलरच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत बसून नुसता उजवा हात फिरवणारा नववीतला पोरगा मात्र दहा हजारांच्या पुढे गेला. मागून कोणीतरी ओरडलं, "हाऊ कसाना न्याय भो?"

आरती होईपर्यंत भांडण चाललं. दोन्ही बाजू गुणांवर बोलत होत्या. यंत्राला दिसतं काय, हे कोणी विचारलं नाही. हे 'दिसणं' गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पायांकडून हाताकडे, हाताकडून सगळ्या अंगाकडे आणि मग पुन्हा हाताकडे आलं आहे.

सुरुवात पायांपासून. कोनामी या जपानी कंपनीने १९९८ मध्ये 'डान्स डान्स रिव्होल्यूशन' हे मशीन आणलं. पायाखाली चार बाणांचा पाट, पडद्यावर वर सरकत जाणारे बाण, आणि बाण ठरलेल्या जागी पोचला की त्याच बाणावर पाय पडला पाहिजे. पाय पडला का आणि वेळेवर पडला का, एवढंच मशीनला कळायचं. हात खिशात घालून नाचलात तरी त्याची ना नव्हती. हा हिशेब तोकडा होता, पण सगळ्यांना सारखा होता. वाद झाला तो पाटामागच्या दांड्यावरून. दांडा धरून अंगाचा भार त्यावर टाकला की पाय हलके होतात आणि अवघड गाणी निघतात; बघणाऱ्याला मात्र माणूस नाचतोय की सायकल मारतोय ते समजत नाही. त्यामुळे स्पर्धाही दोन प्रकारच्या झाल्या. एकीत मशीनचा आकडा अंतिम, दुसरीत मनमोकळं नाचायचं आणि निकाल परीक्षकांनी द्यायचा.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा नाच पाहिलेल्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. ठेक्यावर टाप पडली की नाही हे एखादा पाट मोजू शकेल. मानेचा डौल बघायला मात्र जाणता माणूसच लागतो.

हाताची पाळी आली २००६ मध्ये, निन्टेंडोच्या 'वी' या कन्सोलबरोबर. त्याच्या रिमोटमध्ये वेग किती झपाट्याने बदलतोय हे मोजणारी चिप होती. ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे एसटीत बसलेल्या माणसाला बरोबर कळेल. डोळे मिटून बसलात तरी ब्रेक लागला, वळण आलं, खड्डा आला हे समजतं. गाडी एरंडोलला आहे की पारोळ्याला, ते समजत नाही. रिमोटचं तसंच आहे. हाताला झटका बसला, हात फिरला, थांबला हे त्याला कळतं. हात डोक्यावर आहे की छातीपाशी, याचा तो फार तर अंदाज बांधतो. पाय, कंबर, खांदे तर त्याच्या जगातच नाहीत.

युबिसॉफ्ट कंपनीचा 'जस्ट डान्स' नोव्हेंबर २००९ मध्ये याच रिमोटवर आला. गेमकडे प्रत्येक हालचालीचा नमुना असतो आणि तुमच्या हाताचे झटके त्या नमुन्याशी ताडून गुण दिले जातात. मोजणी ढिली आहे अशी तक्रार समीक्षकांनी तेव्हाच केली होती. तरी गेम तुफान खपला, आणि माझ्या मते त्या ढिलेपणामुळेच खपला. ज्याला नाचता येत नाही अशा काकालाही शाबासकी मिळायची. खुर्चीतल्या पोराची युक्तीही तेव्हापासूनची.

पुढे २०१० मध्ये दोन नवे डोळे बाजारात आले. सोनीच्या 'मूव्ह'मध्ये कंट्रोलरच्या टोकाला पेटणारा गोळा होता. कॅमेरा तो गोळा शोधायचा, त्यामुळे हात कुठे आहे हे खरोखर कळायचं. हात पाठीमागे नेला की गोळा दिसेनासा. मायक्रोसॉफ्टच्या 'कायनेक्ट'ने तर हात रिकामेच केले. खोलीभर अदृश्य इन्फ्रारेड ठिपक्यांची नक्षी पाडायची, त्यावरून खोली मोजायची आणि माणसाचे २० सांधे ओळखायचे, तेही सेकंदाला ३० वेळा. त्याच्याबरोबर आलेल्या हार्मोनिक्स कंपनीच्या 'डान्स सेंट्रल' या गेममध्ये तुमचा पाय चुकला तर पडद्यावरच्या पात्राचा पाय लाल व्हायचा. खुर्चीत बसायची सोय संपली. चूक नेमकी दाखवणारा आणि सगळं अंग बघणारा असा परीक्षक या खेळांना पहिल्यांदाच मिळाला.

पण या परीक्षकाचे नखरे फार. एकट्या माणसाने सहा फूट मागे उभं राहायचं, दोघांनी आठ फूट. आपल्याकडच्या दहा बाय दहाच्या खोलीत त्यासाठी दिवाण बाहेर काढावा लागतो. सूर्यप्रकाशातही इन्फ्रारेड असतं, म्हणून उघड्या खिडकीतून ऊन आत आलं की नक्षी त्यात बुडून जायची. मे महिन्याच्या सुट्टीत, भुसावळच्या उन्हात, भर दुपारी! अंगावर घोळदार घागरा असेल तर गुडघा कुठे आहे, हाही अंदाजच. थोडक्यात, गुण नाचाबरोबर घराचे आणि कपड्यांचेही होते.

'जस्ट डान्स ३' २०११ मध्ये निन्टेंडो, सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांच्याही कन्सोलांवर आला आणि न्यायाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला. पंचतारांकित शेरे तेच, पण एकाने हाताचा झटका मोजलेला, दुसऱ्याने गोळ्याची जागा, तिसऱ्याने सगळं अंग. त्या तीन आकड्यांची तुलना म्हणजे एकाने किलोत तोललेला कापूस दुसऱ्याने फुटात मोजायचा. पण तेव्हा ज्याचं घर त्याचं कन्सोल, त्यामुळे फारसं बिघडलं नाही.

सगळं अंग बघणारा डोळा फार टिकला नाही. २०१३ चा नवा कायनेक्ट २५ सांधे ओळखायचा, पण कन्सोलसोबत घ्यावाच लागल्याने किंमत चढली. पुढच्याच वर्षी तो वेगळा विकायला काढला, आणि २०१७ मध्ये उत्पादनच थांबलं. त्याची जागा घेतली खिशातल्या मोबाइलने. २०१४ च्या 'जस्ट डान्स नाऊ'पासून मोबाइल हाच रिमोट झाला आणि नंतर मोठ्या कन्सोलांवरही तो चालू लागला. २०१७ मध्ये आलेल्या निन्टेंडोच्या 'स्विच' या कन्सोलचा छोटा कंट्रोलर, जॉय-कॉन, मात्र खास हातात धरण्यासाठी बनवलेला. वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास, मनगटाला पट्टा. मोबाइल त्याच्या तिप्पट-चौपट जड, निसरडा, शिवाय सुटला तर फुटायची भीती, म्हणून माणूस हात आखडूनच फिरवतो. त्यात मोबाइलचे आकडे वाय-फायवरून जातात, आणि मंडपातल्या एकाच वाय-फायवर अर्धी कॉलनी रील बघत असते. समोरच्या ताईला हेच भोवलं असावं. ती हात सुरेख फिरवते, पण संथ, आणि थांबा देऊन. नवा मोबाइल आपटायचा नाही हेही डोक्यात.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या 'जस्ट डान्स २०२३'मध्ये वेगवेगळ्या कन्सोलांवरचे सहा जण ऑनलाइन एकत्र नाचू शकतात. आता जॉय-कॉन आणि मोबाइल एकाच यादीत बसतात. कमाल गुण दोघांना १३,३३३ आणि पाच तारे दहा हजारांना. जून २०२३ मध्ये सिंगापूरला झालेल्या ऑलिम्पिक ई-स्पोर्ट्स मालिकेत हा खेळ होता, म्हणजे पोराटोरांची करमणूक म्हणून हा वाद झटकता येत नाही.

मला अजून एक गोष्ट खटकते. नंदुरबारकडच्या काठी गावच्या होळीत कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं बांधून रात्रभर नाचणाऱ्या बाप्याच्या हातात मोबाइल द्या. सगळा नाच कमरेत आणि पायात. त्याचे किती गुण येतील?

यंदा मंडळाने एकच टीव्ही आणि सगळ्यांना एकच मोबाइल असं ठरवलंय. मोबाइल कोणाचा, हे अजून ठरायचंय. खुर्च्या मात्र आधीच मागच्या रांगेत नेऊन ठेवल्या आहेत.