स्तन्यवर्धक पदार्थ

आईचं किंवा दुभत्या जनावराचं दूध वाढावं म्हणून जे खायला घालतात, पाजतात किंवा टोचतात ते सगळे पदार्थ यात येतात. आयुर्वेदात यांना स्तन्यजनन म्हणतात. दूध तयार होणं वेगळं आणि पान्हा फुटणं वेगळं. पहिलं मुख्यतः प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचं काम, दुसरं ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचं, आणि या विषयातले बरेचसे गोंधळ या दोघांची गल्लत केल्यामुळेच झालेत.

जुन्या ग्रंथांपैकी चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौथ्या अध्यायात स्तन्यजनन गण, म्हणजे दूध आणणाऱ्या द्रव्यांचा गट, येतो. संहितेचा काळ नक्की सांगता येत नाही, साधारण इ.स.पू. दुसरं ते इ.स. दुसरं शतक धरतात आणि संहिता पुरी करणाऱ्या दृढबलाची भर त्यानंतरची. गणात दहा द्रव्यं आहेत: वीरण, शालि, षष्टिक, इक्षुवालिका, दर्भ, कुश, काश, गुंद्रा, इत्कट आणि कत्तृण, म्हणजे वाळा, भात, साठीचा भात आणि बाकी जवळजवळ सगळी गवतंच, आणि वापरायची ती यांची मुळं. यातल्या गुंद्रेवर वाद आहे, कोणी पाणकणीस म्हणतं कोणी शर नावाचं गवत. अमरकोशात गुंद्र हा शब्द शराच्या पर्यायांत आलाय त्यामुळे शराची बाजू थोडी जड वाटते, पण तो कोश आहे, वैद्यकग्रंथ नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. इत्कटाची ओळख तर अजूनच धूसर आहे.

महत्त्वाची गोष्ट म्हणजे आज दुधासाठी पहिलं नाव घेतात ती शतावरी या दहांत नाहीच. चरकाच्या बल्य (बळ देणाऱ्या) आणि वयःस्थापन (वय टिकवणाऱ्या) गणात अतिरसा येते, तिलाच शतावरी समजतात. दुधासाठी शतावरीचं स्पष्ट नाव सुश्रुतसंहितेत, शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात सापडतं, तिथे विदारीकंद, लसूण, शिंगाडा, मासे, दुधी यांच्याबरोबर ती आहे. त्याच यादीत पिण्याकही आहे, म्हणजे तिळाची पेंड, जी आपण गाईला घालतो! आणि यादीच्या आधी सुश्रुत म्हणतो की राग, शोक आणि वात्सल्याचा अभाव यांनी दूध आटतं, म्हणून आधी बाईचं मन प्रसन्न करा. मला हे वाक्य अख्ख्या यादीपेक्षा मोलाचं वाटतं. पुढे सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या वैद्यकग्रंथात शतावरीला शुक्रस्तन्यकरी, म्हणजे वीर्य आणि दूध वाढवणारी, म्हटलंय, आजची तिची ख्याती बहुधा याच धाग्यातली.

घरातला खुराक वेगळाच आहे, अळीव, मेथी, बाळंतशेपा, ओवा, खसखस, डिंक. इंदूरच्या मराठी घरांत अळिवाचे लाडू होतातच, पण तिथल्या सियागंज बाजारात दुकानदाराला अळीव म्हटलं तर कळेलच असं नाही, तिथे असालिया म्हणायचं, बाळंतशेपांना सुवा. असालिया माळव्यातलंच पीक, नीमचच्या मंडीत त्याचा व्यापार चालतो. तांबूस दाणे नारळाच्या पाण्यात किंवा दुधात भिजवले की तासाभरात प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक चिकट थर धरतो, मग गूळ-खोबरं घालून शिजवायचं आणि गोळा होत आला की लाडू वळायचे.

आधुनिक वैद्यकात डॉम्पेरिडोन आणि मेटोक्लोप्रमाइड वापरतात, दोन्ही मुळात उलटीवरची औषधं, प्रोलॅक्टिनला आवर घालणारं डोपामिन अडवतात म्हणून प्रोलॅक्टिन वाढतं. डॉम्पेरिडोनने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००४ मध्येच इशारा दिला होता, तेव्हा डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात अशा औषधांचा आणि वनस्पतींचा पुरावा कमकुवतच ठरला. बाळाला वरचेवर नीट पाजणं आणि स्तन रिकामा होणं यानेच दूध वाढतं हे मात्र पक्कं आहे.

जनावरांत खरी वाढ खाद्याने होते: हिरवा चारा, आंबोण, खनिज मिश्रण आणि सरकीची पेंड, जिला इंदूरकडे कपास्या खली म्हणतात. बाकीचे उपाय पान्ह्याचे. पारडू मेलं की म्हैस पान्हा चोरते, मग त्याच्या कातड्यात पेंढा भरून पुढे उभं करायचे. त्याहून क्रूर म्हणजे फुका, गाईच्या योनिमार्गात नळीने हवा फुंकायची. त्या ताणाने शरीरातलंच ऑक्सिटोसिन सुटतं, हे कारण नंतर कळलं. कलकत्त्यातल्या फुक्याची वर्णनं वाचून गांधीजींनी १९१२ मध्ये दूध सोडलं होतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ ने फुका, त्याच जातीचा डूमदेव आणि जनावराला अपाय करणारी टोचणी हा गुन्हा ठरवला, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय जनावर सरकारजमा.

ऑक्सिटोसिनची रचना शोधून ते प्रयोगशाळेत बनवलं व्हिन्सेंट दु विन्योने १९५३ मध्ये, १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. गोठ्यातली सुई म्हणजे हेच. तिने दूध वाढत नाही, असलेलं उतरतं एवढंच, आणि जनावराला सुईची सवय लागते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये याचं उत्पादन एकाच सरकारी कंपनीपुरतं ठेवायचा आदेश काढला, पण बाळंतपणातला रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागतं, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच डिसेंबरात तो आदेश रद्द केला.

दूध खरोखर जास्त तयार करवणारं टोचायचं द्रव्य म्हणजे गाईचं वाढसंप्रेरक, बीएसटी. अमेरिकेत १९९३ मध्ये मंजूर झालं, युरोपीय संघात आणि कॅनडात त्याला परवानगी नाही.